थंडीत पातळ, अंगात घट्ट

किडनीच्या आतल्या पोकळीत औषध ठेवायचं म्हटलं की पहिली अडचण लघवीचीच येते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात, म्हणजे मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर. ही लघवी आधी किडनीच्या मधोमध असलेल्या छोट्या पोकळीत उतरते. वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेल्या या पोकळीत जेमतेम पाच-दहा मिलिलिटर मावतं. तिथून मूत्रवाहिनी ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी सुरू होते आणि तिच्या भिंती आकुंचन पावत लघवी सतत खाली ढकलत राहतात. मूत्राशयाचं, म्हणजे लघवीच्या पिशवीचं तसं नाही. तिला साठवून धरण्याची सोय आहे. रुग्णाने तास-दोन तास कळ काढली तर पिशवीत घातलेलं औषध तेवढा वेळ आत राहतं. वरच्या भागात मात्र धरून ठेवणारं काहीच नाही. तिथे पाण्यासारखं पातळ औषध घातलं तर ते बघता बघता वाहून जातं.

कॅन्सर मात्र दोन्हीकडे होतो. किडनीच्या पोकळीपासून पिशवीपर्यंत मूत्रमार्गाचं अस्तर एकाच जातीच्या पेशींचं आणि सलग असतं. या अस्तराचे बहुतेक कॅन्सर पिशवीत होतात, ५ ते १० टक्के वरच्या भागात. तंबाखूचा धूर हे दोन्हींमागचं मोठं कारण. वरच्या भागाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, ते अॅरिस्टोलोकिक आम्लाचं. बाल्कन देशांतल्या काही खेड्यांत गव्हात मिसळलेल्या एका तणाच्या बियांतून हे आम्ल पिढ्यान्‌पिढ्या पोटात जात राहिलं. तैवानमध्ये ते जडीबुटीच्या औषधांतून गेलं. दोन्ही ठिकाणी किडनी निकामी होण्याचं आणि या कॅन्सरचं प्रमाण विलक्षण वाढलेलं आढळलं. आपल्याकडची सापसंद त्या तणाच्याच कुळातली आहे. तिचा काढा कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नये, हे इथेच सांगून टाकतो.

वरच्या भागातला हा कॅन्सर दोन स्वभावांचा असतो. एक आक्रमक, भिंतीत घुसणारा. दुसरा सौम्य, ज्याला डॉक्टर ‘लो ग्रेड’ म्हणतात. हा हळू वाढतो, सहसा भिंतीत खोल जात नाही. पण काढला तरी पुन्हा पुन्हा उगवतो. आक्रमक प्रकारात किडनी, तिची मूत्रवाहिनी आणि पिशवीचा नळीभोवतीचा भाग असं सगळं काढून टाकणं योग्यच. सौम्य प्रकारातही अनेकांवर तीच वेळ यायची. दुर्बिणीतून लेझरने गाठ जाळता येते, पण पोकळीच्या खालच्या कोपऱ्यांत दुर्बीण पुरेशी वळत नाही, आणि गाठी अनेक असतील तर प्रत्येक वेळी काहीतरी मागे राहतं. हा आजार होतो तो बहुधा सत्तरीच्या आसपास. त्या वयात बऱ्याच जणांना मधुमेह असतो, रक्तदाब असतो, उरलेली किडनीही पूर्वीच्या ताकदीची नसते. जीव घेण्याची घाई नसलेल्या गाठीसाठी अख्खी किडनी द्यायची, हा सौदा रुग्णाला जड जातो. ज्याला मुळात एकच किडनी आहे, त्याच्यासाठी तर त्याचा अर्थ डायलिसिस.

१५ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, या सौम्य प्रकारासाठी पहिल्यांदाच एका औषधाला मान्यता दिली. औषध म्हणून त्यात नवं काहीच नव्हतं. मायटोमायसिन हे १९५० च्या दशकात जपानमध्ये मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेलं जुनं औषध. ते डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं, त्यामुळे पेशीला दुभंगता येत नाही. लघवीच्या पिशवीत ते कित्येक वर्षं वापरात आहे. नवं होतं ते त्याच्याभोवतीचं जेल. बर्फात थंड केलेलं असताना हे मिश्रण नळीतून ढकलता येतं आणि किडनीच्या पोकळीत पोहोचून अंगाची ऊब लागली की तिथेच घट्ट होतं.

तूप थंडीत थिजतं आणि ऊब लागली की पातळ होतं. आपल्या हाताला आणि डोळ्याला हीच सवय आहे, म्हणून या जेलचं वागणं पहिल्यांदा ऐकताना उफराटं वाटतं. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कोणतीही गूढ गोष्ट नाही. सगळा खेळ पाण्याचा आहे.

या जेलच्या मुळाशी पोलोक्झामर ४०७ नावाचा पॉलिमर आहे. त्याचा प्रत्येक रेणू तीन तुकड्यांची साखळी असतो. दोन्ही टोकांना पाण्याशी पटणारे लांब तुकडे, प्रत्येकी शंभराच्या आसपास कड्यांचे. मधे पाण्याशी फारसं न पटणारा तुकडा, साधारण छपन्न कड्यांचा. थंड पाण्यात या मधल्या तुकड्याभोवतीही पाण्याचे रेणू एकमेकांचा हात धरून शिस्तीत वेढा घालून बसतात आणि अख्खी साखळी विरघळलेली राहते. तापमान वाढलं की पाण्याच्या रेणूंची चळवळ वाढते, तो वेढा टिकत नाही, पाणी मधल्या तुकड्याला सोडून निघून जातं. उघडे पडलेले हे तुकडे मग एकमेकांना बिलगतात. ते आत आणि पाण्याशी पटणारी टोकं बाहेर, असे सूक्ष्म गोळे तयार होतात. त्यांना मायसेल म्हणतात. पाण्यात पॉलिमरचं प्रमाण पुरेसं, म्हणजे वजनाने वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर या गोळ्यांची इतकी दाटी होते की ते एकमेकांना खेटून जागच्या जागी रचले जातात. कुणालाच हलायला वाव उरत नाही आणि द्रव वाहायचं थांबतं.

पॉलिमरचे रेणू शिस्तीत लागले, मग उष्णतेने गोंधळ वाढतो हा निसर्गाचा नियम कुठे गेला, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. तो नियम अबाधित आहे. पॉलिमर शिस्तीत आला, पण त्याच्यापायी अडकून पडलेले पाण्याचे असंख्य रेणू मोकळे झाले. एकूण हिशेबात मोकळेपणाच वाढला.

या सगळ्यात एकही रासायनिक बंध तुटत नाही की नवा जुळत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. जागेवरच घट्ट होणारे काही पदार्थ रासायनिक क्रियेने घट्ट होतात, आणि त्या क्रियेत सापडून औषधाच्या नाजूक रेणूची मोडतोड होण्याचा धोका असतो. इथे औषध नुसतं मायसेलांच्या मधल्या पाण्यात बसून असतं. शिवाय हा बदल उलटतो. जेल पुन्हा थंड केलं की पातळ होतं.

पोलोक्झामरच्या या गुणाचा उपयोग माणसाच्या शरीरावर करण्याचा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या एका रासायनिक कंपनीत काम करणाऱ्या अर्विंग श्मोल्का यांनी १९७२ मध्ये या जेलवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या डोळ्यांपुढे भाजलेले रुग्ण होते. थंड द्रव जखमेवर ओतायचा, कातडीच्या उबेने तो घट्ट होऊन जखम झाकेल, आणि धुवायचा झाला तर थंड पाणी पुरेल, अशी ती कल्पना. भाजलेल्या माणसाची जखम धुताना त्याला काय यातना होतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या कल्पनेमागचा कळवळा कळेल. पोलोक्झामर पुढे माउथवॉशमध्ये आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणातही गेला. म्हणजे किडनीत पोहोचलेला हा पदार्थ अनेकांच्या बाथरूमच्या फळीवर आधीपासूनच होता.

मग कॅन्सरच्या औषधासाठी तो वापरात यायला इतकी वर्षं का लागली? कारण पोलोक्झामरच्या जेलमध्ये एक मोठी खोट आहे. ते टिकत नाही. भोवतालचं पाणी लागलं की पृष्ठभागापासून झिजू लागतं, पॉलिमरचं प्रमाण घसरतं आणि ठराविक पातळीखाली गेलं की रचना कोसळते. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ते संपतं. शिवाय शरीर त्याचे तुकडे करू शकत नाही. त्याला आहे तसं किडनीवाटे बाहेर टाकावं लागतं. मोठ्या मात्रेत टोचलं तर उंदरांच्या रक्तातली चरबी बेसुमार वाढते, इतकी की प्रयोगशाळांत तशी स्थिती मुद्दाम आणण्यासाठी पोलोक्झामर ४०७ वापरला जातो. गाठीत आठवडेच्या आठवडे औषध झिरपत ठेवायचं असेल तर असा पदार्थ निरुपयोगी.

म्हणून संशोधकांनी शरीरात विरघळून नाहीसे होणारे पॉलिमर शोधले. १९९७ मध्ये युटा विद्यापीठातल्या सुंग वान किम यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये असा एक पॉलिमर मांडला. तो ४५ अंशांना पातळ असे आणि अंगाच्या तापमानाला उतरला की घट्ट होई. पण तापवलेला द्रव टोचणं रुग्णाला आणि काही औषधांनाही सोसणारं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत साखळीतल्या तुकड्यांची रचना बदलून थंडीत पातळ, उबेत घट्ट असा उलट प्रकार साधला. यात मधला किंवा टोकाचा तुकडा लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या कड्यांचा असतो. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके ज्या कुळातल्या पदार्थांचे असतात तेच हे कूळ. त्याचे तुकडे होऊन शेवटी उरतं ते शरीराच्या ओळखीचं आम्ल. २००० साली माँट्रिअलमधल्या एका गटाने कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचं असंच जेल तयार केलं.

आता या जेलमध्ये औषध किती काळ टिकेल हे ठरवता येऊ लागलं, आणि आशा फार उंचावल्या. त्यातलं सर्वात पुढे गेलेलं जेल म्हणजे ऑन्कोजेल. पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते शिरेतून देण्यासाठी ज्या तेलकट द्रावकात मिसळतात त्याचीच काही रुग्णांना जबर अॅलर्जी येते. जेलमधल्या मायसेलांच्या गाभ्यात मात्र ते छान सामावतं. प्रत्येक मिलिलिटरमध्ये ६ मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल असलेलं हे जेल एंडोस्कोपीतून अन्ननलिकेच्या गाठीत टोचायचं आणि सुमारे सहा आठवडे औषध झिरपत राहू द्यायचं, अशी योजना होती. सगळं शास्त्र जागच्या जागी होतं. मग १३७ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. एका गटाला नेहमीची किमो, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटाला तेच, अधिक ऑन्कोजेल. दोन गटांत फरक पडला नाही. चाचणी मधेच थांबवण्यात आली.

मला या अपयशाबद्दल थांबून बोलावंसं वाटतं, कारण नव्या जेलांच्या बातम्या देताना ते वगळलं जातं. ऑन्कोजेल टोचता येत होतं, घट्ट होत होतं, ठरल्याप्रमाणे झिरपत होतं. जेल म्हणून ते फसलं नाही. पण गाठीत टोचलेलं औषध सुईच्या जागेपासून काही मिलिमीटरच पसरतं. घट्ट गाठीच्या आत दाब जास्त असतो, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, औषधाला पुढे सरकायला वाटच सापडत नाही. आणि अन्ननलिकेचा कॅन्सर कळतो तोवर तो बहुतेकदा भिंतीतून आरपार गेलेला, लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो. आजार पसरलेला आणि औषध एका जागी, असा तो विजोड होता.

त्याच्या शेजारी किडनीतलं जेल ठेवून पाहा. सौम्य प्रकारच्या गाठी पातळ असतात, पोकळीत वर आलेल्या असतात, भिंतीत रुतलेल्या नसतात. पोकळी भरली की औषध सगळ्या बाजूंनी गाठीला लागतं, त्याला खोल शिरावंच लागत नाही. पोकळी चहूबाजूंनी बंदिस्त, तिचं मापही घेता येतं. रंगद्रव्य घालून क्ष-किरणांत ती किती मिलिलिटरची आहे ते पाहतात आणि तेवढंच जेल भरतात, जास्तीत जास्त १५ मिलिलिटर. पोलोक्झामरची ती जुनी खोट, लवकर विरघळण्याची, इथे उपयोगी पडते. जेल चार ते सहा तास राहतं आणि लघवीच त्याला हळूहळू विरघळवून बाहेर नेते. काही काढावं लागत नाही, काही मागे उरत नाही. इतका वेळ या कामाला पुरतो. एखाद्या पदार्थाचा दोष कुठे गुण ठरेल हे शोधायला रसायनशास्त्राइतकीच शरीराच्या त्या कोपऱ्याची ओळख लागते, आणि हे जेल घडवणाऱ्या इस्रायली कंपनीला, युरोजेनला, श्रेय द्यायचं तर ते याबद्दल द्यावं.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो तेही पाहण्यासारखं आहे. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. मायटोमायसिन आम्लधर्मी लघवीत टिकत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी, त्या दिवशी सकाळी आणि उपचाराआधी अर्धा तास रुग्णाला सोडा बायकार्ब, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, १.३ ग्रॅमच्या मात्रेत देतात. जेल उणे ३ ते ५ अंशांच्या दरम्यान थंड करावं लागतं. थंड झाल्यावरही ते पाण्याइतकं पातळ नसतं, दाटच असतं. साध्या सिरिंजच्या दट्ट्याने ढकलणं कठीण, म्हणून त्यासाठी खास सिरिंज लागते. मग पिशवीतून वर नेलेल्या बारीक कॅथेटरमधून किंवा पाठीतून थेट किडनीत घातलेल्या नळीतून ते भरतात. हातात वेळ फारसा नसतो. थंडावा गेला की ते घट्ट होऊ लागतं.

मायटोमायसिनचा रंग जांभळट निळा. त्यामुळे नंतरचे काही तास लघवीलाही जांभळी-निळी झाक येऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण आणि घरचे हबकून जातील. त्या लघवीत किमोचं औषध असल्यामुळे निदान सहा तास ती अंगाला लागू न देण्याची, बसून लघवी करण्याची आणि संडास अनेकदा फ्लश करण्याची सूचना असते. नर्सने नीट समजावून सांगायच्या या गोष्टी आहेत. उपचाराची निम्मी भिस्त त्यांच्यावर असते.

निकाल असा. चाचणीत ७१ रुग्ण होते. त्यांतल्या ३४ जणांच्या गाठी दुर्बिणीतून पोहोचून काढता येण्यासारख्या नव्हत्या. सहा मात्रांनंतर केलेल्या तपासणीत ४१ जणांमध्ये, म्हणजे ५८ टक्क्यांमध्ये, गाठीचा मागमूस उरला नव्हता. दुर्बिणीला पोहोचता न येणाऱ्या गाठींतही यशाचं प्रमाण जवळपास तेवढंच होतं. मला हा आकडा सर्वांत बोलका वाटतो, कारण या रुग्णांपुढे दुसरा मार्ग किडनी काढण्याचाच होता. त्या ४१ पैकी २३ जण वर्षभरानंतरही गाठमुक्त असल्याचं दिसलं; उरलेल्यांत काहींच्या गाठी परतल्या आणि काहींची वर्षाअखेरची तपासणी होऊ शकली नाही. रक्तात उतरलेलं औषध शिरेतून दिलेल्या मात्रेच्या मानाने एक टक्क्याहून कमी होतं. एरवी रक्तातून दिलेलं मायटोमायसिन अस्थिमज्जा दाबतं, म्हणून हा फरक मोठा.

तरीही हे औषध निरुपद्रवी आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. जागेवर थांबणारं औषध निरोगी अस्तरालाही तितकाच वेळ लागून राहतं. वर प्रत्येक आठवड्याला कॅथेटर. ७१ पैकी ४४ टक्के रुग्णांची मूत्रवाहिनी आकसली. अशा वेळी लघवी अडून किडनी फुगू नये म्हणून स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी, घालावा लागतो आणि तो महिनोन्‌महिने ठेवावा लागू शकतो. स्टेंट घातलेल्या माणसाला विचारा. जळजळ, सारखी घाई, पाठीत कळ. किडनी वाचवण्यासाठी बहुतेक जण हे सोसतील, पण ते निवडण्याआधी त्यांना कळायला हवं.

जेलशिवायही जागेवर औषध ठेवण्याचा प्रयत्न झाला आहे, आणि तो आधीचा आहे. मेंदूतली गाठ काढल्यावर उरलेल्या खड्ड्यात कार्मुस्टिन हे कॅन्सरचं औषध भरलेल्या छोट्या चकत्या ठेवायच्या; हेन्री ब्रेम आणि रॉबर्ट लँगर यांच्या कामातून आलेल्या या ग्लायाडेल चकत्यांना एफडीएची मान्यता १९९६ मध्ये मिळाली. नव्याने निदान झालेल्या रुग्णांच्या चाचणीत निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ ११.६ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेला. दोन महिन्यांचा हा फायदा खरा, पण चकती म्हणजे कडक तबकडी. खड्ड्याच्या वेड्यावाकड्या भिंतीला ती सगळीकडे टेकत नाही. ओतता येणारं आणि मग घट्ट होणारं काही हवं, ही ओढ तिथूनही वाढली. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने पॅक्लिटॅक्सेल आणि प्रतिकारशक्तीला जागवणारं एक प्रतिपिंड एकत्र असलेलं जेल मेंदूच्या गाठी काढलेल्या उंदरांवर वापरलं, आणि ते सगळे उंदीर वाचले. ते जेल वेगळ्या तत्त्वावर घट्ट होतं. बातमी आनंदाची आहे. मात्र उंदराचा मेंदू मुळात इवलासा. त्यात काही मिलिमीटर औषध पसरलं तरी पुरतं. माणसाच्या मेंदूत त्याच पेशी कित्येक सेंटिमीटर दूर गेलेल्या असतात.

किडनीनंतर तेच जेल लघवीच्या पिशवीकडे वळलं. इथेही मायटोमायसिन, ७५ मिलिग्रॅम, ५६ मिलिलिटर जेलमध्ये, आठवड्याला एक अशा सहा मात्रा. रुग्ण कोण? तर ज्यांच्या पिशवीत सौम्य गाठी पुन्हा पुन्हा उगवतात आणि ज्यांना दर वेळी भूल देऊन दुर्बिणीतून त्या खरवडून काढाव्या लागतात असे. ज्येष्ठ माणसाला पुन्हा पुन्हा भूल देणं ही साधी गोष्ट नाही. चाचणीत तीन महिन्यांनी ७८ टक्के रुग्ण गाठमुक्त दिसले आणि त्यांतले ७९ टक्के पुढे वर्षभर तसेच राहिले. आकडे भरघोस. तरी २१ मे २०२५ रोजी एफडीएच्या तज्ज्ञ सल्लागार समितीने ५ विरुद्ध ४ मतांनी कौल विरोधात दिला. त्यांचं म्हणणं होतं की या चाचणीत तुलनेचा गटच नव्हता. सौम्य गाठी कधी परत येतात, कधी बराच काळ येत नाहीत; मग वर्षभर न आलेली गाठ जेलमुळे आली नाही असं कशावरून? एफडीएने तरीही १२ जून २०२५ रोजी मान्यता दिली. मला समितीतल्या पाच जणांचा प्रश्न रास्त वाटतो. किडनीच्या बाबतीत तुलनेचा गट नसणं मी समजू शकतो, आजार दुर्मीळ आणि पर्याय किडनी काढण्याचा. पिशवीच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि खरवडून काढण्याचा पर्यायही चांगला आहे. तिथे दोन गट करून पाहणं शक्य होतं.

आपल्याकडे हे जेल कधी आणि कसं येईल याचा विचार करताना काही गोष्टी समोर येतात. यातलं मायटोमायसिन भारतात वर्षानुवर्षं जेनेरिक स्वरूपात मिळतं. पोलोक्झामर हा औषध कारखान्यांचा नेहमीचा कच्चा माल. तरी अमेरिकेत एकेका मात्रेची किंमत हजारो डॉलर आहे, आणि तशा सहा मात्रा. पदार्थ स्वस्त असताना उपचार महाग असण्याची कारणं पेटंटमध्ये, चाचण्यांच्या खर्चात आणि रुग्णसंख्या थोडी असण्यात आहेत. पेटंट कायमचं नसतं, त्यामुळे हा प्रश्न कधीतरी सुटेल.

तापमानाचा प्रश्न अधिक आपला आहे. हे मिश्रण अंगाच्या उबेची वाट पाहत नाही, खोलीच्या साध्या तापमानालाच घट्ट व्हायला लागतं. ज्या देशात खोली विशीत असते तिथे बर्फाच्या पेटीतून काढून सिरिंज जोडायला थोडी सवड मिळते. मे महिन्यातल्या चंद्रपूर-नागपुरात पारा ४५ च्या घरात असताना, फार्मसीतून शस्त्रक्रियागृहापर्यंतच्या वऱ्हांड्यात वातानुकूलन नसताना, ती सवड मिळणार नाही. कॅथेटरमध्येच जेल अडकून बसण्याचा धोका आहे. यावर उपाय करता येतो. पॉलिमरचं प्रमाण किंचित कमी केलं, किंवा त्याच कुळातला दुसरा पोलोक्झामर मिसळला, की घट्ट होण्याचं तापमान वर सरकतं. ३० ते ३५ अंशांच्या मधे घट्ट होणारं जेल आपल्या हवेला सोयीचं. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम विषय आहे, आणि त्यात प्राण्यांच्या कॅन्सरवर विजय मिळवल्याचा दावा करण्याची गरजही नाही.

तोंडाच्या कॅन्सरसाठी असं जेल का नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात स्वाभाविक आहे. तोंडात गाठ डोळ्यांना दिसते, सुई पोहोचते. पण दिवसाला लिटरभर लाळ, सतत हलणारी जीभ आणि गिळणं, यांपुढे नुसतं घट्ट होऊन भागत नाही. जेलला ओल्या अस्तराला घट्ट चिकटावंही लागेल. त्याहून मोठी अडचण आजाराच्या टप्प्याची. आपल्याकडचे कित्येक रुग्ण येतात तेव्हा कॅन्सर जबड्याच्या हाडात किंवा मानेतल्या गाठींत उतरलेला असतो. ऑन्कोजेलचा अनुभव तिथे लागू पडतो. अगदी सुरुवातीच्या, कॅन्सर होण्याआधीच्या पांढऱ्या चट्ट्यांवर मात्र जागेवरचं औषध करून पाहण्याजोगं आहे.

गाठीच्या आसपास औषध देण्याचा फायदा नेटकेपणाने कसा तपासायचा, याचं उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांनी स्तनाच्या कॅन्सरच्या १,५८३ रुग्णांची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे जागा बधिर करण्याच्या साध्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. उरलेल्यांना दिलं नाही. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के आणि घेतलेल्यांत ९०.१ टक्के होतं. त्यात जेल नव्हतं, महागडं तंत्र नव्हतं. होते ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कुणाच्या मर्जीविना वाटलेले दोन गट, आणि वर्षानुवर्षं चिकाटीने ठेवलेला पाठपुरावा.

किडनीतल्या जेलची चाचणी भारतात करायची झाली तर तीही अशीच व्हायला हवी: एका गटाला दुर्बिणीतून लेझर, दुसऱ्याला लेझर आणि नंतर जेल. दोन्हीकडे मोजायचं ते गाठ परतली की नाही एवढंच नाही. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन कितीवर गेलं, वर्षात किती वेळा स्टेंट घालावा किंवा बदलावा लागला, आणि सहा आठवड्यांच्या सहा फेऱ्यांसाठी गावाहून येणाऱ्या माणसाचे किती दिवसांचे कामाचे पैसे बुडाले, याचीही नोंद त्याच तक्त्यात हवी.